निशाने केली ती तपासणी नको

लग्नसराईत नूतनच्या शिलाई मशीनपाशी ब्लाउजांचा ढीग पडायचा. ब्राह्मणपुरीतल्या निम्म्या बाया तिच्याकडेच शिवायला टाकत. त्या वर्षी ढिगात धाकट्या दिराच्या, पवनच्या बायकोचे, निशाचे ब्लाउजही होते. निशाला पाचवा महिना लागला होता, ते घट्ट होऊ लागले होते. नूतनने शिवण उसवताना इतका हिसका दिला की कापडच फाटलं.

"कपडा जुना व्हता," ती म्हणाली. कापड नवं होतं.

नूतन या घरात निशाच्या कितीतरी आधी आलेली. तिचं दोनदा आयव्हीएफ झालं, दोन्ही वेळा गर्भ रुजला नाही. निशाचे गर्भ आधी पडले होते, पण सुरतला जाऊन तिने गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून गर्भ रुजण्याच्या आड येतात का हे बघायला रोगप्रतिकारक पेशी तपासून घेतल्या आणि नंतर तिला दिवस राहिले. सासू आल्यागेल्याला हे सांगायची. नूतन तेव्हा मशीन जोरात चालवायची.

"भाभी, तू बी तीच तपासणी कर," निशा एकदा म्हणाली. "मन्हं तिन्हामुळेच व्हयनं."

त्याच क्षणी नूतनचं ठरलं: ती तपासणी नाही करायची. उद्या मूल झालं तर त्याचंही श्रेय निशाला जायचं.

नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंकडे ती नवऱ्याबरोबर, योगेंद्रबरोबर गेली आणि अस्तराऐवजी त्याच पेशींची रक्तातून तपासणी मागितली.

"रक्तातल्या पेशी आणि गर्भाशयातल्या पेशी सारख्या नसतात," बाई म्हणाल्या. "रक्तावरून आत काय चाललंय ते कळत नाही. अस्तराची तपासणी त्या जागेच्या जवळची, पण तिच्यावरूनही उपचार ठरवावा इतका पुरावा अजून नाही. मी दोन्हींपैकी एकीचाही आग्रह धरणार नाही."

"रक्ताचीच करा," नूतन म्हणाली.

रिपोर्टमध्ये पेशी जास्त निघाल्या. बाईंनी केवळ त्यावरून औषध द्यायला नकार दिला. नूतन घरी येऊन न जेवताच झोपली. दुसऱ्या दिवशी निशा तिच्याजवळ येऊन बसली.

"मन्हा रिपोर्टम्हा काहीच निंघनं नही, भाभी. औषधबी दिन्हं नही. असंच पोट राहिनं."

"मंग तपासणीमुळे व्हयनं, असं का सांगं तू?"

"बिना कारननं माले राहिनं, हाई तुले कोनता तोंडे सांगू?" निशा म्हणाली. "आनि तुन्हा संगे योगेंद्रभाऊ दरवेळे येतस. तो तुकडा काढाले मी एकटीच गयी. पवनले येळ नव्हता. माले तुन्हा भलता राग ये."

जिच्यावर आपण जळतो तीही आपल्यावर जळत असेल, हे नूतनच्या डोक्यातही आलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

तिसरा प्रयत्न तिने आणखी कुठली तपासणी न करता केला. तोही फसला. मग दोघांनी उपचार थांबवले.

निशाला मुलगी झाली. पोरीची झबली नूतनच शिवते, अगदी मन लावून. पण अंगणात निशा तिला पाजायला बसली की नूतन अजूनही पाठ फिरवते. निशाला ते कळतं. पाजून झालं की पोरीला नूतनच्या मांडीवर ठेवते आणि आत निघून जाते.