कौसल्या सिस्टरनी माफ केलं नाही

कौसल्या सिस्टर समोरच्या माणसाचं नाव, हुद्दा आणि घड्याळातली वेळ लिहून घेतल्याशिवाय कुठल्याही ऑफिसातून उठत नसत. पर्समधून लाल पुठ्ठ्याची डायरी काढायची, पेनाचं टोपण दातात धरायचं आणि म्हणायचं, "बोला, पूर्ण नाव?" शिपाई असो की तहसीलदार, त्यांना फरक पडत नसे. माझंही नाव त्या डायरीत आहे. मी ते पुढे स्वतः वाचलं : 'सोमवार, अकरा वाजून वीस मिनिटं. फाईल परत केली. कारण सांगितलं नाही.'

मी तेव्हा भोकरदनच्या एका बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो. श्रावण चालू होता. साठीच्या आसपासची एक उंच, सावळी बाई समोर बसली होती. जालन्यात मुलीच्या घराजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा म्हणून तिनं आठ दिवसांपूर्वी अर्ज केला होता. मी स्क्रीनवर आकडा पाहिला, फाईल तिच्याकडे सरकवली आणि म्हणालो, "मावशी, होणार नाही. स्कोअर कमी आहे."

"मावशी कशाला? सिस्टर म्हणा. तेहतीस वर्षं सिस्टर म्हणून पगार घेतलाय," त्या म्हणाल्या. "आन् स्कोअर कमी म्हणजे काय झालं? मी कोणाचा रुपया बुडवला?"

"ते सिस्टीममध्ये दिसतंय."

"सिस्टीम म्हणजे कोण? त्याचं नाव सांगा."

मागे रांग होती. त्यांना वाटेला लावावं म्हणून मी म्हणालो, "तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात सगळं असतं." त्यांनी माझं नाव, हुद्दा आणि वेळ लिहिली आणि त्या गेल्या. मला वाटलं, सुटलो.

सिस्टर मूळच्या केदारखेड्याच्या. नोकरीची बहुतेक वर्षं धावड्याच्या आरोग्य उपकेंद्रात गेली. नवरा लवकर वारला. एकुलती एक मुलगी, वैशाली, हिला त्यांनी शिकवलं, तिचं लग्न जालन्यात लावलं. पंचक्रोशीतल्या अर्ध्या पोरांना पहिली सुई त्यांनी टोचली होती, आणि लसीकरण टाळणाऱ्या सासवांची नावं त्यांना निवृत्तीनंतरही पाठ होती. "टिटवीसारखी आरडली होती माझ्यावर," असं एका बाईबद्दल त्या मला वीस वर्षांनी सांगत होत्या. त्यांचा राग निवत नसे. तो त्या जपून ठेवत.

चौथ्या दिवशी त्या परत आल्या. हातात अकरा पानं होती. आधी त्या बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत गेल्या होत्या. तिथला पोरगा पाचशे रुपये मागायला लागला. "फुकट हाये म्हणून बँकेतल्यानं सांगितलंय," असं म्हणून त्याचंही नाव लिहून त्या उठल्या. मग वैशालीनं फोनवर सांगितलं तसं रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या वेबसाईटवर पॅन कार्डाचा नंबर टाकला, मोबाईलवर आलेला आकडा टाकला आणि रिपोर्ट मिळवला.

माझ्या टेबलाला वळसा घालून त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "वाचता येतं मला, समजत न्हाई. समजावून सांगा. तुमची बँक चारपर्यंत हाये. मला जल्दी न्हाई."

मी समजावून सांगितलं. आणि सांगता सांगता मलाच लाज वाटत गेली, कारण पहिल्या दिवशी मी आकड्याच्या पुढे एक पानही पाहिलं नव्हतं. स्कोअर तीनशे ते नऊशेच्या मध्ये असतो, साडेसातशेच्या वर असला की बँका खूश असतात, सिस्टरचा होता पाचशे बारा. खाली प्रत्येक कर्जाची चौकट, आणि चौकटीत महिन्यागणिक छोटे खण. खणात तीन शून्यं असतील तर हप्ता वेळेवर. दुसरा आकडा असेल तर तितके दिवस उशीर.

"हा फ्रिज," मी म्हणालो. "सगळी शून्यं. छान फेडलाय."

"फेडलाच हाये. पुढचं सांगा."

पुढे तीन कर्जं होती. दोन मोबाईलची, एक टीव्हीचं. चार-चार महिने शून्यं, मग तीस, साठ, नव्वद, आणि मग कर्ज देणाऱ्या कंपनीनं बुडीत म्हणून सोडून दिल्याचा शिक्का.

सिस्टरनी पदराने चष्मा पुसला. "माझ्या घरी टीव्ही न्हाई," त्या म्हणाल्या.

मी पहिल्या पानावर गेलो. तिथे नाव, जन्मतारीख, पत्ते आणि फोन नंबर असतात. नंबर दोन होते. एक त्यांचा. दुसरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. वसुलीचे सगळे फोन त्या दुसऱ्या नंबरवर जात असणार, म्हणून त्यांना पत्ता लागला नव्हता. त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन ओढला आणि तो नंबर फिरवला.

"हॅलो? कोण बोलतंय? हॅलो?" पलीकडून एक तरुण आवाज आला.

सिस्टरनी फोन ठेवला. मी विचारलं, "ओळखला का आवाज?"

"याचा पहिला आवाज मीच ऐकलाय," त्या म्हणाल्या. "धावड्याला, कंदिलाच्या उजेडात. पायाळू व्हता. जगंल असं कोणाला वाटत नव्हतं."

तो सतीश होता. भोकरदनच्या बाजारात त्याचं टीव्ही-फ्रिजचं दुकान होतं. सिस्टरनी फ्रिज त्याच्याकडूनच हप्त्यानं घेतला होता. पुढे वॉरंटीची नोंद करायची म्हणून तो दोनदा घरी आला होता, अंगठ्याचं मशीन घेऊन. "लागत न्हाई मावशी, परत द्या, परत द्या," म्हणत त्यानं पाच-सहा वेळा अंगठा घेतला होता. सिस्टरनी त्याला चहा केला होता आणि जाताना आईसाठी मेथीची जुडी दिली होती. त्यानं त्यांच्या नावावर माल उचलून बाहेर विकला होता. संशय येऊ नये म्हणून सुरुवातीचे हप्ते स्वतः भरले होते.

मी म्हणालो, "आजच ऑनलाईन तक्रार टाकू. ही कर्जं माझी नाहीत म्हणून. तीस दिवसांत निकाल द्यावाच लागतो. फ्लॅटचा मालक दसऱ्यापर्यंत थांबणार आहे ना? होऊन जाईल."

सिस्टरनी पानं एकावर एक बराबर लावली. "तक्रार टाकली की कंपनी कोणाला विचारंल?"

"दुकानदाराला."

"म्हणजे याला. मंग हा पळत येईल, माझे तेवढे पैसे भरंल, पायावर डोकं ठेवंल आन् सुटंल. मला त्याचं डोकं माझ्या पायावर नको." त्या उठल्या. "हा माझ्या एकटीच्या घरी मशीन घेऊन गेला आसंल का? बिलकुल न्हाई. आधी बाकीच्या शोधते."

"आणि घर?"

"घर जाईल," त्या म्हणाल्या.

आणि घर खरंच गेलं. दसरा झाल्यावर मालकानं ते दुसऱ्याला दिलं. सिस्टर एकदा मुद्दाम त्या गल्लीतून गेल्या आणि गॅलरीत दुसऱ्या कोणाच्या साड्या वाळत होत्या ते पाहून आल्या. तारीख डायरीत लिहिली.

श्रावणापासून दिवाळीपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत बाईंनी जे केलं, ते मी जवळून पाहिलं. लसीकरणाच्या याद्या करायच्या तशी त्यांनी यादी केली : सतीशकडून हप्त्यानं वस्तू घेतलेल्या एकट्या बाया, विधवा बाया, नवरे परगावी असलेल्या बाया. एकेकीच्या घरी जायचं, हातपाय धुऊन बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग म्हणायचं, "तुझं पॅन कार्ड दाखव. सुई न्हाई टोचत, भिऊ नको." स्वतःचा रिपोर्ट पाहिला तर स्कोअर खाली जातो, अशी अफवा कुणीतरी उठवली होती. सिस्टर सांगायच्या, "बँकांनी धाडधाड पाहिला तर फरक पडतो. आपण आपला पाहिला तर काही व्हत न्हाई. आरशात पाहून कोणाचं नाक झिजलंय का?"

रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन ते रिपोर्ट समजावून सांगायचो. धावड्याची एक मुलगी, लग्नाआधी सतीशकडून हप्त्यानं मोबाईल घेतलेली, शहागडला दिली होती. तिचा नवरा ट्रक चालवायचा, आणि स्वतःच्या ट्रकचं कर्ज बायकोचं नाव जोडल्यामुळे नामंजूर झालं होतं. घरात रोज भांडण. सासू म्हणायची, सून लपवून काहीतरी करते. सिस्टर दोन बस बदलून शहागडला गेल्या, रिपोर्ट काढला, आणि सासूला समोर बसवून त्यातला सतीशचा फोन नंबर मोठ्यानं वाचून दाखवला. पोरगी भिंतीला टेकून रडत राहिली. "रडून घे," सिस्टर तिला म्हणाल्या. "धनत्रयोदशीला मात्र रडायचं न्हाई."

सिस्टर धरून सात जणी निघाल्या.

या सगळ्या दिवसांत सतीश त्यांना बाजारात भेटायचा. "कशा हायेत मावशी?" म्हणायचा. त्या हसून म्हणायच्या, "मजेत बाळा. तू कसा? धंदा बराबर चालला ना?" मी एकदा हे शेजारी उभा राहून ऐकलं आणि तो गेल्यावर त्यांना बाजूला घेतलं. मी म्हणालो, "सिस्टर, पोलिसांत जाऊ या, हे पुरे." त्या म्हणाल्या, "पोलिसांत गेल्ते. हवालदार म्हणाला, आपसात मिटवा. त्याचं नाव लिहून आणलंय. आता माझ्या पद्धतीनं."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सातही जणींच्या तक्रारी एकदम गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, सात बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या आणि दुकानाच्या पायऱ्यांवर बसल्या. ओरडणं नाही, घोषणा नाही. सिस्टर उभ्या राहिल्या आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, वस्तू, तारीख, आणि शेवटी प्रत्येक वेळी तोच फोन नंबर. एकीचं झालं की दुसरी आपलं पान वाचायची. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांचं सिस्टर वाचायच्या. गिऱ्हाईक थबकलं, मग बाहेर आलं. एकानं गंमत म्हणून तो नंबर लावला. काऊंटरवर, सतीशच्या पुढ्यात, फोन वाजला.

सतीश धावत आला. "मावशी, आत या, बसून बोलू. मी भरून टाकतो ना सगळ्यांचं. आत्ता भरतो!"

"मावशी न्हाई," त्या म्हणाल्या. "पुढचं वाच गं."

दुपारपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ तालुकाभर पोचला होता. संध्याकाळी तोच हवालदार सिस्टरच्या घरी येऊन तक्रार लिहून घेत होता. सतीशला अटक झाली. कंपन्यांनी माल देणं बंद केलं, संक्रांतीच्या आत दुकानाचं शटर कायमचं खाली आलं.

सगळ्यांचे रिपोर्ट दुरुस्त झाले. एका कंपनीनं सिस्टरच्या तक्रारीला अकरा दिवस उशीर लावला. तीस दिवसांवर गेलं की दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हे मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी पत्रांवर पत्रं लिहून अकराशे रुपये वसूल केले आणि त्याचे पेढे आमच्या बँकेत आणून वाटले. मी म्हणालो, "सिस्टर, आता स्कोअर सातशे ऐंशी आहे. अर्ज करा, मी आठ दिवसांत मंजूर करून देतो."

त्या गोड हसल्या. "समोरच्या बँकेत केलाय," म्हणाल्या. "कालच मंजूर झाला. तुम्ही माणूस चांगले हायेत. पण या टेबलावरून मी कर्ज घ्यायची न्हाई."

सतीश जामिनावर सुटायच्या आधी त्याची आई त्यांच्याकडे आली होती. मी तिथेच बसलो होतो. म्हातारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "सिस्टर, तुमीच त्याला जगवला. आता तुमीच मारून राह्यल्या. केस माघारी घ्या. मी पदर पसरते."

सिस्टर तिच्याजवळ खाली बसल्या. तिचा हात हातात घेतला. "तुझं मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "खरंच वाटतं. मी माघार घेतली तर त्या सहा जणींचं काय, असं तुला सांगता आलं असतं. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? त्या सहा जणींनी माफ केलं तरी मी करणार न्हाई. मला करायचंच न्हाई." म्हातारी गेल्यावर त्या जमिनीवरून उठल्या. डोळे पुसले, पण शब्द बदलला नाही.

जालन्याच्या दुसऱ्या टोकाला, मुलीपासून जरा लांब, त्यांनी दोन खोल्या घेतल्या. तिथे त्या जेमतेम सव्वा वर्ष राहिल्या. गेल्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेल्या. मी दहाव्याला गेलो होतो. सहाही जणी आल्या होत्या. शहागडची मुलगी नवऱ्याच्या नव्या ट्रकमधून सासूला घेऊन आली होती.

जेवणं चालू असताना फाटकाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. सतीश होता. खूप वाळला होता, आता एका गॅरेजवर कामाला होता म्हणे. आत यायला तो धजत नव्हता. पंगतीतल्या बाया जेवायच्या थांबल्या. मला वाटलं, मरणापुढे काय उरतं, वैशाली त्याला आत घेईल. मीच उठून तिला तसं म्हणालो.

"काका, आईनं सांगून ठेवलंय," वैशाली म्हणाली. "तो येईल म्हणाली होती. आला तर तहानेला ठेवू नको, पण फाटकाच्या आत घेऊ नको."

ती तांब्याभर पाणी घेऊन गेली. त्यानं ते उभ्यानंच, सगळं प्यायलं. तांब्या परत देताना काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वैशालीनं तांब्या घेतला, फाटकाला आतून कडी घातली आणि ती पंगतीत भात वाढायला परत आली.