जगायला आलेले

जळकोट सोडून आम्ही लोहाऱ्याला आलो, तेव्हा गल्लीत आम्हाला 'जगायला आलेले' म्हणत. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांना आमच्याकडं हाच शब्द. लहानपणी मला त्याचा लई राग यायचा. जणू आधी आम्ही मेलेलोच होतो.

पण पहिल्याच दिवशी शेजारच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "जगायला आलाव न्हवं? मग आज चूल पेटवू नका. समद्यांनी आमच्याकडं जेवायचं."

पुढं पेपरात 'स्थलांतरित' वाचलं. त्या शब्दात कुणी कुणाला जेवायला बोलावत नाही.

काल समोरच्या खोलीत एक कुटुंब टेम्पोतून सामान उतरवत होतं. लेकीनं विचारलं, "कोण आलंय?"

"जगायला आलेत," म्हणत मी परातीत चार माणसांचं पीठ जास्त घेतलं.