परतीच्या वाटेसाठी टायर

कौशल्याबाईंची पाठ फक्त परतीच्या वाटेवर दुखते, हे घरातल्यांच्या ध्यानात यायला तीन महिने लागले. खरं सांगायचं तर घरातल्यांच्या ध्यानात आलंच नाही. ते त्यांचं त्यांनाच शोधून काढावं लागलं.

चांदूर बाजारजवळ त्यांचा साडेतीन एकरांचा मळा. वांगी, टमाटे, कोबी, हंगामात वाल. बराचसा माल परतवाड्याच्या अडत्याकडे जातो. पण आठवड्यातून एकदा कौशल्याबाई स्वतः माल घेऊन मेळघाटात सेमाडोहच्या बाजाराला जातात. बावीस वर्षं झाली. आधी एसटीच्या टपावर टोपली टाकून, मग सामायिक जीपमधून, आणि गेली सहा वर्षं मुलाच्या, गजेंद्रच्या, पिकअपमधून. तिथल्या बायांशी त्या कोरकूत भाव करतात. कोणाच्या सुनेला कितवा महिना लागला, कोणाचा पोरगा पुण्याला पळाला, सगळं त्यांना ठाऊक. घरी त्या कोणाची आई, कोणाची सासू. सेमाडोहला मात्र नुसत्या कौशल्याबाई. आठवड्याचे सहा दिवस त्या सातव्यासाठी काढतात, असं कोणी म्हटलं तर त्या साफ नाकारतील. पण आहे ते तसंच आहे.

भादव्यात मळ्याच्या वाटेवर गाडी काळ्या मातीत रुतली आणि ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. सगळा गाव बघायला जमला. ते गजेंद्रच्या मनाला लागलं आणि पुढच्याच आठवड्यात त्यानं चारी चाकांना नवे ऑल टेरेन टायर बसवून आणले. चिखल कापणारी, खोल ठोकळ्यांची नक्षी. जाड, भरीव रबर. गाडी दोन बोटं उंच दिसायला लागली आणि गजेंद्र चार बोटं.

भाजीवाल्यांच्या घरात गाडीची परीक्षा सगळ्यात खालच्या कॅरेटवर होते. नवा ड्रायव्हर असो, नवा रस्ता असो, पोचल्यावर खालचं कॅरेट उघडायचं आणि टमाटे बघायचे. गजेंद्रनंही सेमाडोहला तेच केलं.

"पाह्य माय, एकबी टमाटा फुटला नाई. गादीवानी आली गाडी."

झालं. टायर पास. माणसाचं काय झालं हे विचारायची पद्धतच नाही, तर कोण विचारणार?

महिनाभरात कौशल्याबाईंना बाजाराच्या दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. तिसऱ्या महिन्यात अमरावतीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, मणक्याची गादी दबली आहे. हिसके थांबले नाहीत तर पुढे पाय बधिर होईल. गाडीचा प्रवास बंद करा.

"डॉक्टर म्हंते बंद, तं बंद," गजेंद्र म्हणाला. "सेमाडोहचा माल अडत्याकडे टाकू. वय झालं आता तुयं."

"वय मायं झालं, का टायर तुये कडक झाले?"

"कडक असते तं टमाटे फुटले असते. टमाट्याहून नाजूक हायेस का तू?"

डॉक्टरांचं ऐकायला हवं हे कौशल्याबाईंना कळत होतं. शेवटच्या दोन फेऱ्या करून, तिथल्या बायांना सांगून थांबायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यातल्या पहिल्या फेरीला अवेळी पाऊस आला, बाजार बसलाच नाही, आणि जवळजवळ सगळा माल तसाच परत आणला. दुसऱ्या दिवशी त्या उठल्या, चहा ठेवला, आणि गॅससमोर उभ्या राहून विचारात पडल्या. पाठ ठीक होती. पुढच्या फेरीला झाडून सगळं विकलं गेलं आणि रात्रभर कूस बदलता आली नाही. म्हणजे जितका बाजार चांगला, तितकी पाठ वाईट.

"आपन जातो भरून अन् येतो रिकामे," त्यांनी मुलाला सांगितलं. "भरल्यावर स्प्रिंगचे पाटे दबते, गाडी मऊ चालते. रिकामी गाडी टनाटना उडते. तुये टमाटे कधी रिकाम्या गाडीत बसले होते का?"

गजेंद्र म्हणाला, येताना चार पोती रेती टाकू. कौशल्याबाई म्हणाल्या, बावीस वर्षं भाजी नेली, आता रेती वाहू का? चल परतवाड्याला.

परतवाड्याचा टायरवाला धर्मेंद्र हा माणूस थोडं बोलणारा. त्यानं टायरला बोट लावलं, हवा मोजली. "पासष्ट. पूर्न भरल्या गाडीची हवा हाय हे. अन् टायरचा गाल, म्हंजे बाजूची भिंत, वाकतच नाई, तं झटका सारा बसनाऱ्याले. रिकाम्यात कमी करत नाई का?"

"रोज कोन कमी-जास्त करत बसते?" गजेंद्र म्हणाला. "मले तं काई लागत नाई."

"तुया हातात स्टेअरिंग हाय," कौशल्याबाई म्हणाल्या. "गड्डा तुले आधी दिसते, तू सावरून बसते. धर्मेंद्रभाऊ, तुमी चालवा. गजू, तू बस माया जागेवर."

घाटाकडच्या उखडलेल्या रस्त्यावर दोघं रिकामी गाडी नेऊन आले. गजेंद्र उतरला तो मान चोळत, आणि आईकडे न बघता दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसला.

मग धर्मेंद्रनं दुसरे काढून दाखवले. हेही ऑल टेरेनच, पण नक्षी जवळजवळ, खाचा उथळ, गाल जरा लवचिक. ओझं पेलायला पुरेसे. ते बसवून कौशल्याबाई स्वतः धर्मेंद्रशेजारी बसून फेरी मारून आल्या. एकदा भरल्या हवेवर, एकदा मागची हवा उतरवून. मऊ म्हणावं असं काही नव्हतं. रस्ता तोच, गाडी मालाचीच. पण पहिला हिसका जो सुरीसारखा कमरेत घुसायचा, तो आता धक्क्यासारखा येत होता.

"पन एक सांगतो, मावशी," धर्मेंद्र म्हणाला. "काया मातीत हे चालनार नाई. नक्षी भरून जाईन, चाक जागीच फिरीन. तुमचे आधीचे त्यातून निघाले असते."

गजेंद्रला तेवढंच हवं होतं. "आयकलं? पुन्हा गावासमोर रुतायचं का?"

कौशल्याबाईंनी बोटांवर मोजलं. "वाट ओली राह्यते ते दिवस किती? तीस धर. बाजार बावन. तीस दिवस गाडी वाटेवर नेऊच नको, डांबरीवर उभी कर. माल तिथपर्यंत उचलून आनू."

"कोन उचलीन?"

"मायी तं पाठ गेली," त्या म्हणाल्या. "तूच पाह्य मंग."

अमरावतीच्या डॉक्टरांना त्यांनी हे सगळं सांगितलं. त्यांनी पट्टा दिला, व्यायाम दिले, पंधरा दिवसांतून एकच फेरी म्हणून बजावलं, आणि ही बाई ऐकणार नाही हे ओळखून वर्षाअखेरी पुन्हा फोटो काढायची तारीखही लिहून दिली. कौशल्याबाईंनी त्यातलं पंधरा दिवसांचं मात्र पाळलं. बावन्नाचे सव्वीस झाले. ते त्यांना लागलं, पण गेलेलं सगळंच परत मागता येत नाही, एवढं त्यांना कळतं.

जुलैत, सेमाडोहच्या फेरीच्या एका दिवशी, वाट लोण्यासारखी झाली होती. पिकअप डांबरी रस्त्याच्या कडेला उभी, आणि गजेंद्र दोन मजुरांबरोबर मळ्यातून अठ्ठावीस कॅरेट डोक्यावर आणतोय, पोटरीपर्यंत चिखल. कौशल्याबाई छत्री धरून मोजत होत्या.

"ते टायर असते," तो धापा टाकत म्हणाला, "तं आतापरेंत परतवाड्यात पोचलो असतो."

"पोचला असता ना," कौशल्याबाई म्हणाल्या. "तू एकटाच पोचला असता."

त्यानं कॅरेट गाडीत सरकवलं, आणि तो पुढचं आणायला गेला.