नखावर फिरवलेली सुई

मोठीमाय गेल्याचं मला उमरखेडच्या शाळेत, तिसऱ्या तासाला शिकवताना कळलं. दारव्ह्याकडून आलेल्या बसच्या कंडक्टरने निरोप दिला आणि तो घाईने परत गेला. मी गावात पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. आज पाच आठवडे झाले. रडू येऊन गेलं, राग मात्र जात नाही. हे मी त्या रागातच लिहिते आहे...

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, गिरजाबाई. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात तिच्या गोधड्यांचं नाव होतं. भेटायला आलेला जो तो म्हणायचा, बाईच्या हातात कला होती. मला हे ऐकवत नाही. कला म्हटलं की पुढचं काही बघावं लागत नाही. मोठीमायच्या हातात आधी सुई होती, आणि ती कुठलीही सुई नव्हती. चार जुनी लुगडी एकावर एक घातली की भिकार सुई तिसऱ्या थरातच मान टाकते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती सुईचं टोक अंगठ्याच्या नखावर फिरवायची. ओरखडलं की बाद. मग नेढ्यातून दोरा तीनदा ओढायची. दोरा फिसकटला की बाद. शेवटी दोन बोटांत हलकेच वाकवायची. सरळ झाली तर घ्यायची, वाकडीच राहिली तर परत. कात्रीसुद्धा ओल्या फडक्यावर चालवून बघितल्याशिवाय तिने कधी घेतली नाही.

पण पारखायला वस्तू आधी हातात यावी लागते. बाजारातला सुईदोऱ्याचा शेठ आमच्या लोकांना पायरीखाली उभं करायचा आणि पाकीट वरून फेकायचा. झेललं तर झेललं, नाहीतर धुळीतून उचला. छप्पन साली मोठीमाय नागपूरहून दीक्षा घेऊन आली आणि पुढच्याच बाजारी त्या पायरीवर चढून उभी राहिली. मी सोबत होते.

"सेठ, पाहून घेतो. हातात द्या."

"खाली उतर. घ्याची असन तं तिथूनच घे."

"मंग राहू द्या," ती म्हणाली, आणि खरंच चालू लागली. बाजाराच्या पार टोकाला रसूलभाई चटईवर सुया, बटणं मांडून बसायचे. त्यांनी डबाच तिच्यापुढे सरकवला. "देखून घ्या बाई, घाई नाई." तिने बारा सुया पारखल्या आणि दोन घेतल्या. माझे पाय दुखायला लागले होते, ती मात्र आपल्याच अंगणात बसल्यासारखी बसली होती. तेव्हापासून तिने सुई घेतली ती रसूलभाईंकडूनच.

आता माझी गोष्ट. मी मॅट्रिकला होते. माझ्या बहिणीच्या बाळासाठी गोधडी घातली होती आणि मोठीमाय तापाने पडली. तिने मला बाजारात धाडलं. "नखावर फिरवून घेजो, कुसुम." त्या दिवशी रसूलभाई आले नव्हते. रिकाम्या हाताने परत जायचं जिवावर आलं, म्हणून मी शेठच्या पायरीखाली जाऊन उभी राहिले. त्याने फेकलं. मी झेललं. नुसतं झेललं नाही, वर "बरं" म्हणाले. शाळेत समतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवणारी मुलगी मी... त्या "बरं"ची मला आजही किळस येते.

मी सांगितलं, पारखून आणली. तिने विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी सुई मोडली आणि टोक तिच्या उजव्या अंगठ्यात रुतलं. दारव्ह्याच्या डॉक्टरने चिरून काढलं, पण अंगठ्याचा सांधा कायमचा आखडला. मी रडत खरं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाकीट तू घेतलं नाई, बाई. त्यानं तुयावर फेकलं, अन् तू झेललं." एक थप्पड मारली असती तर बरं झालं असतं. वर्षभर खपून ती डाव्या हाताने शिवायला शिकली. त्यानंतरच्या तिच्या साऱ्या गोधड्यांचे टाके उलट्या अंगाने कललेले आहेत. लोकांना ती नक्षी वाटते.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी तोच शेठ भेटायला आला. निवडणूक तोंडावर होती. आमच्याच माणसांनी त्याला खुर्ची दिली. "गिरजाबाईले आमच्याच दुकानची सुई लागे," तो चारचौघांत म्हणाला. मी चहा पुढे केला, तर म्हणाला, आताच झाला. मी कप घेऊन आत गेले. पुन्हा झेललंच म्हणायचं.

मोठीमायची पेटी मी सोबत आणली आहे. त्यात फ्लॅनेलच्या तुकड्यावर खोबरेल लावून टोचलेल्या सात सुया आहेत, सगळ्या रसूलभाईंच्या. खाली तळाशी ते पाकीट निघालं, उरलेल्या सुयांसकट, गंजलेलं. तिने ते टाकलं नव्हतं. का, ते मला ठाऊक आहे: ते फेकणं आणि झेलणं विसरलं जाऊ नये म्हणून.

मागच्या बाजारी मी शेठच्या दुकानात गेले. पायरी चढून. आता मी मास्तरीण आहे, म्हणून त्याने पाकीट हातात दिलं. मी ते फोडलं आणि एकेक सुई नखावर फिरवली, दोरा ओढला, वाकवून पाहिली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेठ म्हणाला, "मास्तरीणबाई, कंपनीचा माल हाय." मी म्हटलं, असू द्या. शेवटची सुई झाल्यावर सगळ्या पुन्हा पाकिटात घातल्या.

"यातली एकही नको," मी म्हटलं, आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.