बाबुरावांचं माइक टेस्टिंग

बाबुराव भोंग्यावर बोलले म्हणजे ते खरं, असं पेणकरपाड्यात सगळे धरून चालत. उद्या पाणी येणार नाही, पोलिओचा डोस शाळेत आहे, अमक्याची म्हातारी गेली, तमक्याचं पोरगं हरवलंय, सगळं त्यांच्याच तोंडून कळायचं. रिक्षाच्या टपावर कर्णा आणि मागच्या सीटवर बॅटरीला खेटून बाबुराव. आवाज कमावला तो वडिलांच्या मिठागरात, या बांधावरून त्या बांधावरच्या माणसांना हाका मारून. घरात मात्र ते हळू बोलायचे. आवाज धंद्यासाठी राखून ठेवलाय, असं त्यांच्या बायकोचं, द्वारकाबाईंचं म्हणणं.

निवडणुकीत ते सगळ्याच पक्षांचा प्रचार करत. त्यात कसलाच कमीपणा नव्हता. पण त्यांचा नियम एकच: जे पाड्यात बोलायचं तेच स्टेशनकडच्या केबिन रोडला, आणि जे मराठीत तेच हिंदी-गुजरातीत. एका उमेदवाराने एकदा दोन वस्त्यांसाठी दोन वेगळी भाषणं हातात ठेवली, तेव्हा हा गडी भर रस्त्यात रिक्षातून उतरला आणि चालत घरी गेला. द्वारकाबाई आठवडाभर फुगून बसल्या होत्या.

यंदा केबिन रोडवरच्या हितेशने त्यांना बोलावलं. त्याचं जाहिरातीचं ऑफिस. "काका, भोंगा अब कौन सुनता है? मोबाइल पे डालेंगे." वाक्य एकच होतं, उमेदवाराचं वचन. 'मिठागराच्या जमिनीवर एकही बिल्डिंग होऊ देणार नाही.' बाबुरावांना ते इतकं पटलं की त्यांनी पहिल्याच दमात ठणकावून म्हटलं.

"मस्त! अब कुछ भी बोलते रहो," हितेश म्हणाला.

बाबुरावांना वाटलं, माइक टेस्टिंग. भोंगेवाल्याला ते काय नवीन? कर्णा लावला की वाटेल ते बोलायचं आणि आवाज फाटतोय का बघायचं. ते बोलत सुटले. गल्ल्यांची नावं, बापाच्या शिव्या, द्वारकाबाईंच्या कोलंबीच्या कालवणाची तारीफ, तिन्ही भाषांत. घरी येऊन म्हणाले, "इतका येळ माइक तपासणारा माणूस मी बघितला न्हाय. पोरगा कामाला चोख हाय."

जाहिरात त्यांच्या फोनवर आली तेव्हा त्यांनी देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांना ऐकवली. त्यांच्या बरोबरीने मिठागरात राबलेला काशीनाथ तर गहिवरलाच. "बाबू, तू बोलतोस म्हंजे झालं. आमच्या घरची समदी मतं त्यालाच." बाबुरावांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली.

त्या रविवारी इंद्रलोकच्या नव्या सोसायट्यांत भाड्याने राहणारी त्यांची मुलगी निशिगंधा आली, ती चप्पल काढायच्या आधीच विचारत. "बाबा, मिठागरावर घरं होणारेत? आमच्या सोसायटीत सगळे तुमचाच व्हिडिओ बघतायत."

तिने फोन पुढे धरला. तोच उमेदवार, तेच चिन्ह. 'मिठागराच्या जमिनीवर प्रत्येक भाडेकरूला स्वतःचं घर!' आवाज बाबुरावांचा. 'मिठागर' म्हणताना 'ठा'वर किंचित थांबायची त्यांची लकबसुद्धा होती. शेवटी ते नेहमी टाकतात तो दमसुद्धा होता.

 बाबुरावांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. आपल्याला भ्रम तर झाला नाही ना, अशी त्यांना खरोखर भीती वाटली. "मी आसा बोललोच न्हाय," ते म्हणाले, आणि हे सांगतानाचा आवाज तंतोतंत फोनमधल्यासारखाच होता.

तसेच ते केबिन रोडला गेले. हितेश जरासुद्धा लाजला नाही. त्या दिवशी काका जे बोलले त्यावरून कॉम्प्युटर त्यांचा आवाज शिकला होता. आता तो त्यांच्या आवाजात काहीही बोलू शकत होता. "काका, गाववाले को अलग, भाडेवाले को अलग. जिसको जो चाहिए उसको वही दिखता है. जाहिरात डालो तो अ‍ॅप खुद पूछता है, किसको दिखाना है."

"आणि दुसऱ्याला?"

"उसको दिखताच नहीं."

 बाबुरावांच्या कर्ण्याला पोलिसांची परवानगी लागायची, वेळेचं बंधन असायचं. विरोधकाच्या दारावरूनच तो जायचा, आणि खोटं बोललं तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या रिक्षातून उत्तर यायचं. इथे कुणी ऐकलंच नाही तर उत्तर देणार कोण? आणि असली जाहिरात घेणाऱ्या कंपनीला कुणी काही विचारतच नाही? त्यांना राग यायला हवा होता, पण धक्काच एवढा होता की रागाला जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या सकाळी त्यांनी रिक्षावर कर्णा चढवला. "ऐका हो ऐका! मोबाइलमधला आवाज माझा न्हाय. मी कुणाला कसलाच शब्द दिलेला न्हाय!" पाडाभर दोन फेऱ्या झाल्या. कुणी दारात आलं नाही. हल्ली रिक्षांवर रेकॉर्डच वाजतात, बाहेर येऊन बघतं कोण?

काशीनाथ तेवढा ओट्यावर बसला होता. बाबुराव उतरून त्याच्यासमोर उभे राहिले. कालच त्याच्या नातवाने भाड्याने राहणाऱ्या मित्राकडून तो दुसरा व्हिडिओ आणून दाखवला होता.

"काशी, तो मी न्हाय रं."

"कुठला तू न्हाय?" काशीनाथ म्हणाला. "घरं बांधनारा का न बांधनारा? का आता भोंग्यात वरडत होता तो?" तो चिडलेला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि बाबुरावांना तेच सहन झालं नाही.

ते घरी आले. दारातूनच, अजून भोंग्याच्याच चढ्या आवाजात हाक मारली, "द्वारका, पानी दे गं."

आतून भांड्यांचा आवाज चालूच राहिला. त्यांनी पुन्हा हाक मारली.

"निशी, बंद कर तो मेला फोन," द्वारकाबाई आतून ओरडल्या. "कालपासून डोका उठवलाय."

निशिगंधा तर रात्रीच परत गेली होती, हे कामाच्या नादात त्या विसरल्याच होत्या. घरात कुणाचाच फोन चालू नव्हता. उत्तर येईना म्हणून द्वारकाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि दारातल्या माणसाला बघून थबकल्या. "तुमीच हाक मारली?"

बाबुरावांनी बोलायला तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि नुसती होकाराची मान हलवली.