सासूबाईंच्या गाडीचा आर्म

हिंगोली जिल्ह्यातल्या प्रत्येक खड्ड्याशी जातीनं भांडण असलेली एकच बाई मला ठाऊक आहे, आणि ती माझी सासू आहे. खड्डा दिसला की बाकीची माणसं गाडी हळू करतात. सासूबाई पदर खोचतात. "ह्यो इथं काहून बसला? रस्ता माझा हाय," म्हणत त्या सरळ त्याच्यावरून जातात. जवळा बाजार या गावाच्या आतल्या अंगाला एका खेड्यात त्या एकट्या राहतात. सासरे गेल्यावर नातेवाइकांनी शेळ्या विकायचा सल्ला दिला, तेव्हा त्यांनी शेळ्या वाढवल्या आणि वर एक जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी चालवायला त्या नांगरलेल्या रानात शिकल्या, त्यामुळे सपाट डांबरावर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. मागची सीट काढून टाकलेली; तिथं बाजाराच्या दिवशी शेळ्या उभ्या राहतात, एरवी सरकीच्या ढेपेची पोती, आणि वेळ आली तर गादी टाकून गावातली बाळंतीण. एकदा आमच्या एका पाहुण्यांनी वासानं नाक मुरडलं, तर त्या म्हणाल्या, "शेळ्या तुमच्याबद्दल काही बोलल्या का?"

यंदा पावसाळा सरला आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली. सासूबाईंनी ही गोष्ट फोनवर कौतुकानं सांगितली : "आता ती आपल्या मनानंच औंढ्याकडं वळून राहिली." माझी बायको त्यांची एकुलती एक. ती घाबरलीच. मला म्हणाली, "आईबरोबर गॅरेजात जा, मिस्त्रीसमोरच ती गाडी भंगारात काढा आणि आईला कायमची इकडे घेऊन या. तुमचं ऐकेल ती." लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिचा माझ्याबद्दल असला गैरसमज आहे.

मी सासूबाईंबरोबर औंढ्याच्या गॅरेजात गेलो. तिथले मिस्त्री वयानं सासूबाईंएवढेच, आणि हट्टानंही. ते गाडीखाली गेले आणि मान हलवतच बाहेर आले. पुढचं चाक गाडीला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, ज्याला गॅरेजात आर्म म्हणतात, तो दोन्ही चाकांचा वाकला होता आणि एकाला चीरही गेली होती.

"मावशी, नवे आर्म टाकतो. जसे येतात तसेच."

"ते परत वाकतील. त्यायला लोखंडी पट्टी मारा."

"पट्टी मारली तर आर्म वाकणार न्हाई, बराबर. पण मंग धक्का कुठं जाईल? आर्म जिथं बसतो तिथं बॉडी फाटंल. मार खाऊन वाकणं हे आर्मचं कामच हाय."

"वाकणं कोनाचं काम हाय, ते मला नका सांगू," सासूबाई म्हणाल्या, आणि उगाचच माझ्याकडे बघितलं.

हीच संधी, असं वाटून मी घसा साफ केला. "मिस्त्री एवढं सांगतात, तर गाडी काढूनच टाकू ना. तुम्ही हिंगोलीला चला. कशाला ही तकलीफ?"

"जावईबापू, तुमी गाडीत बसायचं. मत द्यायचं न्हाई." मग त्या मिस्त्रींकडे वळल्या. "आर्म वाकला तर मी वाटंत अडकते ना?"

"व्हय."

"आन् बॉडी फाटली तर?"

"तरीबी अडकताल."

"मंग अडकायचंच हाय तर न वाकता अडकते. मारा पट्टी."

मिस्त्रींनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि एकदम हसायला लागले. "मंग बॉडीलाबी पट्टी मारतो, आर्म बसतो तिथं. पण खड्ड्यात हळू जायचं, एवढं कबूल करा."

"तेवढं सोडून बोला."

नव्या आर्मना पट्ट्या बसल्या, बॉडीलाही बसल्या. वेल्डिंगकडे बघू नका म्हणून मिस्त्री ओरडत होते आणि सासूबाई पदराआडून बघतच होत्या. परतताना त्यांनी मुद्दाम जुन्या रस्त्यानं गाडी घातली. माझं डोकं टपाला आपटत होतं, पण गाडी मात्र नाकासमोर चालली होती.

मध्येच बायकोचा फोन आला. "काय म्हणाले मिस्त्री?"

मी शेजारी बघितलं. सासूबाईंची नजर रस्त्यावर होती, पण स्टिअरिंगवरची बोटं इतकी घट्ट आवळलेली की पेरं पांढरी पडली होती. ही बाई सकाळपासून मला घाबरून होती, हे मला तेव्हा कळलं.

"गाडी ठीक आहे," मी म्हणालो.

"आणि आई?"

"त्याही."

 गावाची कमान दिसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरीला सांगा, मी यायचीच न्हाई असं न्हाई. पण कोनी आणलं म्हणून येणार न्हाई. येईन तवा माझी मी गाडी चालवत येईन."

हिंगोलीच्या आमच्या घरात एक खोली त्यांच्यासाठी तयार आहे. त्या खोलीत कुणी झोपत नाही. तरी बायको दर रविवारी पलंगावरची चादर बदलते, आणि बाहेर एखादी जुनी गाडी खडखडली की हातातली उशी तशीच धरून खिडकीशी जाते.