खुंटीवरचा गुलाबी फेटा

नेमूअण्णा गेल्याचं मला इस्लामपुरात, शाळेच्या पटांगणावर कळलं. मुलांची कवायत चालली होती. सांगलीहून आलेल्या ओळखीच्या एकानं सायकल थांबवली आणि म्हणाला, "मास्तर, कापडवाले नेमूअण्णा काल गेले की वो." मी तोंडातली शिट्टी काढली, पुन्हा घातली आणि कवायत पुरी केली. डोळ्यांत टिपूस आलं नाही. ज्यांच्या माडीवर माझे कितीतरी रविवार गेले, त्यांच्यासाठी रडूही येऊ नये याचा मला संताप आला, आणि तो त्यांच्यावरच. आज महिना होत आला, तो अजून उतरलेला नाही.

अण्णा जन्मात कधी आखाड्यात उतरले नाहीत. अंगानं काडी, खाणं सूर्यास्ताच्या आत आणि तेही मोजकं. पण कुस्तीचं वेड असं, की जत्रेचं मैदान म्हटलं की दुकान नोकरावर टाकून निघालेच. मैदान संपलं की पैलवानाला गाठायचं आणि त्याच्याकडून एखादी वस्तू मागायची... लंगोट, फेटा, व्यायामाची मोडलेली करेल, काहीही. दुकानाच्या माडीवर भिंतभर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एक कुस्ती टांगलेली होती. दुकानात उंची धोतरं, पण माडीवरच्या चिंधीला हात लावाल तर खबरदार!

त्यांचा एकच नियम होता, काही धुवायचं नाही. नवी वस्तू आली की तोंडातली लवंग एका गालात सारायची, डोळे मिटायचे आणि वस्तू नाकाशी धरायची. आखाड्याच्या मातीत तेल असतं, ताक असतं, हळद असते. तो वास कापडात एकदा मुरला की जाता जात नाही. एकदा एकानं नावाजलेल्या पैलवानाचा म्हणून लंगोट आणला. अण्णांनी हुंगला आणि त्याच्या अंगावर फेकला. "ही घरामागच्या परड्यातली माती हाय. ऊठ हितनं!" त्यांनीच मला हुंगायला शिकवलं. खरं-खोटं नाकाला कळतं, डोळ्याला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते मला पटलं होतं.

माझी शेवटची कुस्ती दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांतली. साताऱ्याकडच्या एका इनामदारांनी पदरी पैलवान बाळगला होता, त्याच्याशी मला जोडलं. मी त्याला चीत केला, पण त्याच झटापटीत माझा गुडघा गेला. दोघांनी धरून उभं केलं आणि मातीनं माखलेल्या डोक्यावरच मला विजयाचा गुलाबी फेटा बांधला. त्यानंतर मी आखाड्यात पाऊल टाकलं नाही. कापड कंट्रोलवर होतं, आईला त्या फेट्यात धाकट्या बहिणीचे दोन परकर दिसत होते. तरी मी तो अण्णांना दिला. तिनं चार दिवस अबोला धरला. अण्णांनी फेटा हुंगला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "शिदू, मी हाय तवर ही कुस्ती कुठं जात न्हाई, गड्या." मोडक्या गुडघ्याच्या माणसाला एवढं वाक्य पुरेसं होतं. त्यावर मी जगलो म्हटलं तरी चालेल.

लढाई संपली त्या साली माडीवर एक गदा आली. जुनी, चांदीनं मढवलेली, अण्णा वर्षानुवर्षं जिचं नाव काढत होते तीच. कुणी दिली विचारलं तर म्हणाले, "दिली एकानं, प्रेमानं." मी ती खांद्यावर घेऊन लंगडत माडीभर मिरवलो, त्यांच्याइतकाच खूश होऊन. मग सवयीनं माझ्या खुंटीकडे गेलो आणि फेटा नाकाशी धरला. परड्यातली माती होती.

"अण्णा, वास येत न्हाई ओ."

"जुनं झालं की उडतो वास," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

शेजारच्या खुंटीवरचा लंगोट माझ्या फेट्यापेक्षा कितीतरी जुना होता. तो अजून घमघमत होता. त्यानंतर माझ्या फेऱ्या कमी होत गेल्या.

तेराव्यानंतर अण्णांच्या घरून वहिनींनी निरोप धाडला म्हणून गेलो. मला काही सांगितलेलं नाही हे त्यांना ठाऊक नसावं, नाहीतर इतक्या सरळपणे त्या बोलल्याच नसत्या. म्हणाल्या, "आवं भावजी, ती गदा तुमीच न्या. साताऱ्याच्या इनामदारांनी तुमचा फेटा मागून नेला, त्याच्या बदल्यातच दिलीया ती."

इनामदारांना माझा फेटा कशाला हवा होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. साताऱ्याकडे आजही सांगतात, की ती कुस्ती बरोबरीत सुटली. मी जिंकल्याची जगात एकच खूण होती, आणि ज्याला ती नको होती त्याच्याच हातात अण्णांनी ती दिली. चुलीतच गेली असणार. वर आपल्याच दुकानातला फेटा घेतला, आपल्याच परड्यातली माती चोळली आणि इतकी वर्षं तोच माझा म्हणून खुंटीवर ठेवला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी मारामारी केली असती. यांनी केलं, म्हणून नुसता बसून राहिलो.

गदा मी नाकारली. "मग ह्यो तरी न्या," म्हणत वहिनींनी माझ्या खुंटीवरचा, बदली टांगलेला फेटा काढला. "लय जीव होता ह्याच्यावर. संध्याकाळी दुकान मिटलं की वर यायचे आन् ह्यो नाकाशी धरून बसायचे. एकटेच. मी हाक मारली तरी वळायचे न्हाईत."

मी फेटा घेतला. हात सवयीनं नाकाकडे गेला. आखाडा नव्हता, परडंही आता उरलं नव्हतं... नुसता लवंगेचा वास येत होता.

तो फेटा माझ्या घरी खुंटीवर आहे. अण्णांना मी माफ केलेलं नाही. पण बायको परवा तो धुवायला काढत होती, तर मी तिच्या अंगावर ओरडलो.